केस पुढे घ्या हो

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार. डोंबिवलीहून सुटलेली फास्ट लोकल, लेडीज डबा, दादर यायला दोन-तीन मिनिटं. मागच्या बाई दाराकडे सरकल्या आणि त्यांच्याबरोबर माझी मानही सरकली. त्यांच्या बॅगेच्या चेनमध्ये माझ्या शेपट्याचं टोक अडकलं होतं. आमच्या घोळक्यातल्या एकीने पर्समधून नखं कापायची कात्री काढली. "कापू का गं टोक?" त्यावर अर्ध्या डब्याने "नको नको नको" असा गलका केला, जणू ती माझं बोटच कापायला निघाली होती. शेवटी कुणीतरी व्हॅसलीनची डबी पुढे केली, चेन मागेपुढे करून केस सोडवले. तोवर बाईंचं दादर गेलं. भायखळ्याला उतरून त्यांना उलट जावं लागलं. चिडल्या नाहीत, उतरताना एवढंच म्हणाल्या, "केस पुढे घेत जा हो."

हे वाक्य मी नोकरीला लागल्यापासून ऐकतेय. त्या दिवशी मात्र ते डोक्यात बसलं. त्यानंतर केस आवरण्याजोगे व्हायला नोव्हेंबर उजाडला. मधल्या काळात एक डॉक्टर, दोन कात्र्या, एक पावसाळा आणि एक गंगावन झालं. माझ्यासारखे केस असलेल्या कुणाला यातलं थोडं आधी कळलं तर बरं, म्हणून लिहून ठेवतेय.

आधी 'माझ्यासारखे' म्हणजे कसे ते सांगते. शेपटा घट्ट बांधून शिवणकामाच्या टेपने घेर मोजला, तो सव्वापाच इंच भरला. लांबी कमरेखाली दोन बोटं. साधं रबर दोन वेढ्यांत बसतं, तिसऱ्यात तुटतं. लोकलमध्ये तीस रुपयांना क्लचर विकणारी मुलगी मला बघून खोकं उघडायचीही नाही. "दीदी, आपके बाल में नहीं टिकेगा," म्हणून पुढे जायची. लोकांना हे कौतुकाचं वाटतं. "काय केस आहेत गं!" मलाही वाटायचं, नाही असं नाही. पण रविवारी न्हायलं की ते वाळायला दुपार उलटायची. बुधवारी पहाटे न्हायलं की ओलेच अंबाड्यात कोंबून गाडी पकडायची आणि संध्याकाळी घरी येऊन सोडावेत तर आतून अजून ओले. वर तो कुबट वास. अंबाड्याच्या ओझ्याने दुपारी चारनंतर कपाळ ठणकायचं, ते वेगळंच.

मार्चमध्ये टाळूला खाज सुरू झाली. त्वचेच्या डॉक्टरांची वेळ बारा दिवसांनी मिळाली, फी आठशे रुपये. त्यांनी भिंग लावून टाळू पाहिली, किटोकोनाझोल या बुरशीवरच्या औषधाचा शाम्पू लिहून दिला (आठवड्यातून दोनदा, पाच मिनिटं ठेवून धुवायचा) आणि ओले केस बांधायचे नाहीत असं बजावलं. मी म्हटलं, "मग ऑफिसला कशी जाऊ?" त्या हसल्या. म्हणाल्या, "तो प्रश्न माझा नाही, पार्लरचा आहे."

पण जाता जाता त्यांनी एक उपयोगाची गोष्ट सांगितली. केस दाट असणं वेगळं आणि जाड असणं वेगळं. दाट म्हणजे टाळूवर केसांची संख्या जास्त. जाड म्हणजे एकेक केस रुंद. घरी येऊन एक गळलेला केस दोन बोटांत धरून फिरवून पाहिला. बोटांना तो जेमतेमच जाणवला. म्हणजे माझे केस दाट आहेत, जाड नाहीत, आणि जरा लाटांचे आहेत. चाळिशी जवळ आली तरी स्वतःच्या डोक्यावर काय आहे हे मला माहीत नव्हतं. ही परीक्षा पार्लरला जायच्या आधी करा. पुढे काय होणार ते बरंचसं याच्यावर ठरतं.

कापायचे ठरवलं तसं घरात अधिवेशन भरलं. कोल्हापूरहून आईचा फोन: "तुझ्या आजीनं शिकेकाई कुटून कुटून वाढवलेले केस आहेत ते." जणू आजीने ते मला वापरायला दिले होते आणि परत करायचे होते. सासूबाई मात्र पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, "काप की. मोरीची जाळी मीच साफ करते ना." तेवढ्यावर विषय संपला.

एवढे लांब केस कचऱ्यात जाऊ नयेत असं वाटत होतं. कर्करोगाच्या रुग्णांसाठी टोप बनवायला केस घेणाऱ्या मुंबईतल्या एका संस्थेशी ईमेलवरून बोलणं केलं. चौथ्या दिवशी उत्तर आलं, सोबत एक फॉर्म आणि अटी: लांबी किमान बारा इंच, केस स्वच्छ धुतलेले आणि पूर्ण कोरडे, कापण्याआधीच दोन्ही टोकांना रबर बांधलेलं, जमिनीवरून गोळा केलेले चालणार नाहीत. ही 'कोरडे' अट लक्षात ठेवा. पार्लरमध्ये पोचलं की पहिल्यांदा तुम्हाला बेसिनकडेच नेतात. मलाही नेलं. नळ सुरू झाल्यावर मी ओरडले, "आधी वेणी कापा!"

तर, २४ मे, शनिवार. ठाण्यातलं एक मोठं सलून, आठवडाभर आधी घेतलेली वेळ. ("शनिवारी कापतेस?" इति आई.) मोबाइलमध्ये तीन फोटो नेले होते, तिन्ही हनुवटीपर्यंतच्या बॉबकटचे. आता ते फोटो पाहिले की हसू येतं. तिन्ही बायकांचे केस सरळ आणि पातळ होते. कापणारा मुलगा पंचविशीचा, नम्र, हात भराभर चालणारा. त्याने चौदा इंचांच्या दोन वेण्या कापून माझ्या मांडीवर ठेवल्या. हातात घेतल्यावर त्या अजून कोमट होत्या. पोटात खड्डा पडला, खोटं कशाला बोलू. मग धुणं, ओल्या केसांवर कात्री, शेवटी दातेरी कात्रीने, म्हणजे थिनिंगच्या कात्रीने, वरपासून खालपर्यंत खचाखच. "मॅडम, सब हलका कर दिया." वीस मिनिटं ड्रायर आणि गोल ब्रश फिरवून आरशात जी बाई बसवली ती मला फार आवडली. मान मोकळी. डोकं हलकं, खरोखर हलकं, उठताना तोल गेल्यासारखं झालं.

बिल: कापणं नऊशे, 'एक्स्ट्रा डेन्सिटी'चे तीनशे, ब्लो ड्राय सहाशे, त्यावर तेव्हाचा १८ टक्के जीएसटी. एकूण दोन हजार एकशे चोवीस. डेन्सिटीचे जादा पैसे दारावरच्या दरपत्रकात नव्हते. फोनवर वेळ घेतानाच "केस दाट आहेत, वर काही लागेल का" असं विचारून घ्या.

रविवार मजेत गेला. सोमवारी, २६ मेला, मुंबईत पाऊस आला. इतक्या लवकर मोसमी पाऊस मुंबईत आल्याची आधी नोंदच नव्हती. माझ्या केसांना मात्र कुणीतरी कळवलं असावं. पहाटे न्हाऊन निघाले होते, ड्रायर फिरवायला वेळ नव्हता. गाड्या रखडलेल्या, डब्यात वाफ कोंडलेली. ऑफिसच्या लिफ्टमधल्या आरशात पाहिलं तर डोक्यावर सपाट, कानापासून दोन्ही बाजूंना पसरत गेलेलं आणि हनुवटीशी सरळ रेषेत कापलेलं काहीतरी होतं. संध्याकाळी लेकीने नाव ठेवलं: "आई, तू देवळातली घंटा दिसतेस."

असं का झालं हे तेव्हा कळलं नाही. आता कळतंय. लांब केसांना त्यांच्याच वजनाने खाली ओढलेलं असतं. ते वजन गेलं की लाटा वर उसळतात. सगळे केस एकाच रेषेत संपवले की ते एकमेकांवर रचले जाऊन तळाशी रुंद होतात, गंजीसारखे. ओले असताना हनुवटीशी आलेली लांबी वाळल्यावर इंचभर वर जाते. आणि दातेरी कात्री मुळांजवळून चालवली की आत अंगठ्याएवढे आखूड केस तयार होतात. ते ताठ उभे राहून वरच्या लांब केसांना ढकलत बसतात. मुलाने हलकं केलं होतं हे खरं, पण चुकीच्या जागी. चूक एकट्या त्याची नाही. फोटो मी नेले होते.

सगळ्यात त्रासाचं म्हणजे ते बांधता येईनात. स्वयंपाक करताना वाकलं की दोन्हीकडून पडदा. चौदा काळ्या पिना लागायच्या, मोजल्यात मी. लांब होते तेव्हा निदान गुंडाळून विसरता तरी यायचे.

दरम्यान वेण्या पाठवायच्या होत्या. फॉर्मची छापील प्रत, झिपची पिशवी, वर जाड पाकीट. पोस्टाच्या खिडकीवरच्या काकांनी विचारलं, "आत काय?" म्हटलं, "केस." ते म्हणाले, "कसली केस? कागदपत्रं असतील तर रजिस्टर करा." मी डोक्याकडे बोट दाखवलं. त्यांनी माझ्या घंटेकडे क्षणभर पाहिलं आणि मुकाट्याने शिक्का मारला. स्पीड पोस्टला पन्नास रुपयांच्या आतच लागले. प्रमाणपत्र ईमेलने सात आठवड्यांनी आलं.

१४ जूनला त्याच सलूनमध्ये परत गेले. या वेळी काउंटरवरची मुलगी: स्मूदनिंग, म्हणजे रसायन लावून केस सरळ, करून घ्या, साडेसात हजार, केस दाट म्हणून वर दीड हजार. मी म्हटलं, बाटलीवर काय लिहिलंय ते बघू द्या. बाटली आतून काही बाहेर आली नाही. केस सरळ करायच्या काही रसायनांमधून, गरम इस्त्री फिरवताना, फॉर्मल्डिहाइडचा वायू सुटतो आणि तो कर्करोगकारक आहे, एवढं वाचलेलं होतं. म्हणून मी आग्रह धरला. कुणी करूच नये असं मी म्हणणार नाही, पण बाटली वाचू देत नसतील तर उठा. मी उठले.

मग वाट बघणं. केस महिन्याला साधारण अर्धा इंच वाढतात. बांधता येण्याइतके व्हायला अडीच इंच तरी हवे होते. म्हणजे पाच महिने. या पाच महिन्यांत जे टिकलं ते सांगते. भांगाच्या दोन्ही बाजूंनी कपाळालगत बारीक सागरवेणी घालून कानामागे पिन केली की पडदा थांबतो. चार मिनिटांचं काम, फक्त आधी आठवडाभर हात दुखतात. टॉवेलने खसाखसा पुसायचं सोडलं. जुन्या मऊ सुती टीशर्टमध्ये केस दाबून पाणी टिपलं की ते कमी पिंजारतात. कंगवा फक्त मोठ्या दातांचा, तोही ओल्या केसांत कंडिशनर असतानाच, खालून वर. कोरड्या केसांत कंगवा घातला की घंटा वाजलीच म्हणून समजा. जेल, सीरम, क्रीम मिळून हजार-बाराशे गेले. त्यातलं एक क्रीम उरलंय, बाकी लेकीने बाहुलीला लावलं.

२७ ऑगस्टला गणपती. दरवर्षी नऊवारी आणि खोपा. या वर्षी खोपा कशाचा घालणार? ज्या बाईच्या वेणीला सगळे "गंगावन आहे का गं?" म्हणून ओढून बघायचे, तीच बाई स्टेशनजवळच्या दुकानात उभी राहून दोनशे ऐंशी रुपयांच्या गंगावनासाठी घासाघीस करत होती. दुकानदाराने माझ्या केसांना लावून पाहिलं आणि म्हणाला, "ताई, तुमचेच जास्त आहेत." तरी घेतलं. आरतीच्या वेळी झांज वाजवताना ते निम्मं सुटून खांद्यावर आलं. भाच्याने व्हिडिओ काढलाय. तो कुणाला मिळणार नाही.

सप्टेंबरअखेरीस मी लोकलमध्ये डोकी बघायला लागले. हे आधीच करायला हवं होतं. फोटोतल्या नाही, डब्यातल्या बायकांची डोकी. त्याच दमटपणात, त्याच पंख्याखाली, सकाळी धुऊन आलेली. आणि बघायचं मागून, कारण दाट केसांचं खरं-खोटं मागे कळतं. मुलुंडला चढणारी एक मुलगी सापडली. माझ्याइतकेच दाट, लाटांचे केस, खांद्याच्या जरा खाली, कसलीही पिन नाही आणि तरी आपल्या जागी. दोन दिवस नुसतं पाहिलं, तिसऱ्या दिवशी विचारलं. ती लाजली, मग नंबर दिला. गंमत म्हणजे नंबर डोंबिवलीचाच, पूर्वेला, एका इमारतीच्या तळमजल्यावरचं पार्लर, माझ्या घरापासून रिक्षाने पंधरा मिनिटं.

फोन केला तर तिथल्या ताई म्हणाल्या, "दिवाळी होऊ द्या, आत्ता मला फेशियलमधून मान वर करायला वेळ नाही." म्हणजे दिवाळी पहाटेला डोंबिवलीच्या फडके रोडवर पिना लावूनच जावं लागलं. मधे अधीर होऊन आणखी एका मोठ्या सलूनला दर विचारला. तिथे कळलं की २२ सप्टेंबरपासून सलूनचा जीएसटी १८ वरून ५ टक्के झालाय. मूळ दर मात्र दोनशेने वाढला होता. वाट बघायचं ठरवलं.

८ नोव्हेंबर, सकाळी अकरा. ताईंनी आदल्या दिवशी व्हॉट्सॲपवर सूचना पाठवली होती: 'तेल नको. आदल्या रात्री धुवा. ड्रायर, इस्त्री काही नको. रोज जसे असतात तसे या.' खुर्चीत बसवून दहा मिनिटं कात्रीला हातच लावला नाही. प्रश्न विचारत होत्या. सकाळी केसांना किती मिनिटं देता? (सहा.) बांधता की मोकळे? झोपताना? घाम मानेवर येतो की कपाळावर? ड्रायर कधी वापरता? मी "लग्नकार्यात" म्हटल्यावर म्हणाल्या, "मग ड्रायरवर अवलंबून असलेला कट तुमच्या कामाचा नाही." ठाण्यात कुणी हे विचारलं नव्हतं. मीही सांगितलं नव्हतं.

मी विचारलं, बॉबच ठेवायचा का? त्यांनी सरळ नाही म्हटलं. "तुमचे अजून वाढू द्या. खांद्याला टेकणारे केस बाहेर वळतात, खांद्यावर आपटून. एक तर त्याच्या वर, नाही तर त्याच्या खाली. तुम्हाला बांधायचेत, म्हणजे खाली." मागचे केस तोवर जेमतेम खांद्यापर्यंत आले होते. त्यामुळे लांबी त्यांनी जवळजवळ कापलीच नाही, फक्त आकार दिला.

हा भाग मी नीट पाहिला, कारण समोर आणि मागे आरसा होता. कोरड्याच केसांचे त्यांनी सात-आठ भाग करून चाप लावले. एकेक भाग सोडून, खाली पडू देऊन, तो आपणहून कुठे वळतो ते बघून मग कात्री. पुढचे थर हनुवटीच्या खालून सुरू केले, वर नाहीत. वरून थर पाडले असते तर डोकं गोल फुगलं असतं, असं त्यांचं म्हणणं. गर्दी काढली ती आतून, मागच्या मधल्या भागातून, आणि तीही केसांच्या खालच्या निम्म्यातच, कात्री उभी धरून. दातेरी कात्री दाखवली तेव्हा म्हणाल्या, "ही आज झोपलीये." शेवटी मानेवरची दोन बोटं रुंद पट्टी अगदी बारीक केली, तीही मला दोनदा विचारून. वर केस पडले की ती दिसत नाही, पण घेर तिथेच कमी होतो आणि मान कोरडी राहते. ही पट्टी सगळ्यांना आवडेलच असं नाही, वाढताना टोचते.

दीड तास लागला. साडेचारशे रुपये. कागदाच्या चिठ्ठीवर बिल, जीएसटी नाही, कारण धंदा तेवढा मोठा नाही. मी ब्लो ड्राय विचारला तर म्हणाल्या, "नको. तसं पाठवलं तर कट कसा झालाय ते तुम्हालाही कळणार नाही आणि मलाही नाही. उद्या न्हा, वाळू द्या, मागून फोटो काढून मला पाठवा."

पाठवला. लेकीने काढला, गॅलरीत, उजेडात. ताईंनी डाव्या बाजूला लाल गोल करून परत पाठवला: 'इथे अजून अर्धं बोट जाड आहे, येऊन जा, पैसे नाहीत.' पुढच्या शनिवारी जाऊन आले.

आता सकाळी सहा मिनिटं पुरतात, पावसात आठ लागतील असा अंदाज आहे. तो पावसाळा अजून यायचाय. न्हायल्यावर अडीच तासांत वाळतात. डाव्या कानापुढची एक बट कुणाचं ऐकत नाही, तिला मीही सोडून दिलंय. दर दहा आठवड्यांनी पट्टी आणि टोकं करून घ्यावी लागतात. २४ जानेवारीला पहिली फेरी झाली, दोनशे रुपये. नाही केलं तर घंटेची आठवण यायला लागते. आणि मला अजूनही स्वप्नात वेणी असते, हेही सांगून टाकते.

संक्रांतीच्या सुमारास आई आली. नेहमीप्रमाणे शिकेकाईची डालड्याच्या डब्याएवढी बरणी घेऊन, रिठा, नागरमोथा घालून दळलेली. मला उलटं फिरवून मागून बघितलं, मानेवरच्या पट्टीवरून बोट फिरवलं, काही बोलली नाही. रविवारी सकाळी मोरीत पाटावर बसवून तिने वाडग्यात चार चमचे काढले, माझ्याकडे बघितलं आणि अडीच परत बरणीत टाकले.